व्हीलचेअर बसून बघायची असते : साधनांच्या प्रदर्शनाला पहिल्यांदा जाताना

चप्पल घेताना आपण दुकानात चार पावलं चालून बघतो. टाच चावते का, अंगठा दबतो का, हे कळल्याशिवाय कुणी पैसे काढत नाही. पण दिवसाचे दहा-बारा तास जी खुर्ची अंगाखाली असणार, ती आपल्याकडे बहुतेकदा न बघता घरी येते. दवाखान्यातून सोडायचा दिवस उजाडतो, भाऊ नाहीतर मेहुणा सर्जिकलच्या दुकानात जातो, 'एक व्हीलचेअर द्या' म्हणतो आणि दुकानदार समोर असलेली अठरा इंच रुंद सीटची काढून देतो.

माझी पहिली खुर्ची अशीच आली. मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. चाळिशीपर्यंत कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार) आणि कुबड्यांवर भागलं. मग खांदे दुखायला लागले आणि खुर्ची घ्यावी लागली. मला चौदा इंची सीट पुरते. त्या अठरा इंचांत मी एका अंगाला कलंडलेली असायचे, रिकाम्या जागेत उशी खोचायचे आणि चाकापर्यंत हात नेण्यासाठी कोपरं पंखांसारखी फाकवायचे. पाच वर्षं मला वाटत होतं की खुर्ची चालवणं म्हणजे असंच असतं. मग मुंबईच्या एका प्रदर्शनात एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं टेप काढून माझं माप घेतलं आणि मला मापाच्या खुर्चीत बसवलं. हात आपोआप चाकांवर आले. त्या हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी न थांबता गेले.

म्हणून सांगते, साधनं हाताळून बघता येतात अशा प्रदर्शनाला एकदा तरी जा. आणि जाताना तयारीनं जा, नाहीतर दिवसभर गर्दीत फिरून हातात फक्त पत्रकं उरतात.

कुठलं प्रदर्शन, आधी हे नीट बघा

नावावरून फसायला होतं. सरकारतर्फे गावोगावी भरणारा 'दिव्य कला मेळा' हा दिव्यांग कारागिरांनी बनवलेल्या वस्तूंचा मेळा आहे. तिथं अवश्य जावं, पण खुर्ची निवडायला नव्हे. अलिम्कोची शिबिरंही वेगळी. कानपूरची ही सरकारी कंपनी १९७२ साली स्थापन झाली. एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेखाली तीनचाकी सायकल, व्हीलचेअर, कुबड्या, कॅलिपर असं साहित्य ती पुरवते. शिबिराचे दोन टप्पे असतात. आधी तपासणी आणि मोजमाप, मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वाटप. वाटपाच्या दिवशी निवडायला काही नसतं, म्हणून जे बोलायचं ते मोजमापाच्या दिवशी बोला. वैद्यकीय उपकरणांची मोठी व्यापारी प्रदर्शनं मुंबईत भरतात, पण त्यांतली बरीचशी डॉक्टर आणि विक्रेत्यांसाठी असतात. सामान्य माणसाला आत घेतात का, हे आधी विचारलेलं बरं.

आपल्याला जवळ पडेल असं सगळ्यांसाठी खुलं ठिकाण म्हणजे गोव्यातला पर्पल फेस्ट, दिव्यांगांचा महोत्सव. पणजीत तो पहिल्यांदा ६ ते ८ जानेवारी २०२३ ला झाला, पुढच्या वर्षी ८ ते १३ जानेवारीला, आणि २०२५ मध्ये ९ ते १२ ऑक्टोबरला. म्हणजे महिना ठरलेला नाही. तारीख पक्की झाल्याशिवाय रेल्वेचं आरक्षण करू नका. हा नुसत्या साधनांचा बाजार नाही. चर्चा, खेळ, गाणी, सगळं असतं आणि साधनांचे स्टॉलही असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तिथंच पाठवीन. कारण एका जागी शेकडो माणसं आपापल्या खुर्च्या, स्कूटर, काठ्या घेऊन फिरत असतात. स्टॉलवाला जे सांगत नाही ते ही माणसं सांगतात. 'दादा, ही खुर्ची किती वर्षं वापरताय? काय मोडलं?' एवढं विचारलं तरी समोरचा तोंडभरून बोलतो.

मुलं परदेशात असतील तर त्यांच्याकडे जाण्याचा बेतही याच्याशी जुळवता येतो. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिहाकेअर नावाचं मोठं प्रदर्शन भरतं, अमेरिकेत वेगवेगळ्या शहरांत ॲबिलिटीज एक्स्पो असतो आणि त्याला प्रवेश फुकट असतो. पण तिथली महागडी विजेची खुर्ची इकडे आणण्याआधी ती दुरुस्त कोण करणार, याचं उत्तर शोधा. बघायला मात्र जरूर जा. काय काय होऊ शकतं हे डोळ्यांनी पाहिलं की इथल्या दुकानदाराला काय मागायचं ते कळतं.

घरून निघण्याआधी : टेप आणि वही

सगळ्यात मोठं काम घरीच आहे. एक वही घ्या आणि घराची मापं लिहा. बाहेरच्या दाराची रुंदी, पण चौकट नव्हे तर दार उघडल्यावर उरणारी मोकळी फट. मग संडास-बाथरूमचं दार. जुन्या घरांत हे दार हमखास सगळ्यात अरुंद असतं, दोन-सव्वादोन फुटांचं. उंबरठ्यांची उंची. पायऱ्या किती, एकेक केवढी. पलंगाची जमिनीपासून उंची, गादीसकट. जेवायच्या टेबलाखाली गुडघे जातील अशी जागा. इमारतीला लिफ्ट असेल तर तिच्या दाराची रुंदी आणि आतली खोली.

हे कशासाठी? हातानं ढकलायच्या साध्या खुर्चीची बाहेरची रुंदी सीटपेक्षा साधारण सात-आठ इंच जास्त असते. अठरा इंची सीट म्हणजे सव्वीस इंच खुर्ची, आणि त्यात चाकावरच्या बोटांची जागा धरलेली नाही. सत्तावीस इंची दारातून ती जाईल, पण बोटांची सालं काढत जाईल. सार्वजनिक इमारतींसाठी आपल्याकडे ९० सेंटिमीटरचं दार आणि खुर्ची फिरायला दीड मीटरची मोकळी जागा धरतात. आपल्या घरांत ही ऐसपैस जागा कुठली? म्हणून मापाचा कागद हवाच.

मग अंगाचं माप. कडक खुर्चीवर ताठ बसवा आणि दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. कमरेची सर्वांत रुंद जागा, पाठीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचं अंतर, लवणीपासून टाचेपर्यंतचं अंतर (चप्पल किंवा बूट घालून, कारण बाहेर अनवाणी जात नाही), आणि कोपर काटकोनात वाकवून सीटपासून कोपरापर्यंतची उंची. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा. पोलिओत आणि हिप मोडलेल्या माणसांत ते सारखे नसतात. वजनही लिहा, कारण प्रत्येक खुर्चीला पेलायच्या वजनाची मर्यादा असते.

त्याच वहीत एका पानावर एका साध्या दिवसाचा हिशोब लिहा. सकाळी कुठून कुठं जाता, कोण उचलतं, रिक्षात खुर्ची कशी बसते, कुठं अडता. 'मला चांगली खुर्ची पाहिजे' असं म्हटलं तर स्टॉलवाला महागातली दाखवतो. 'मला पलंगावरून एकटीला उतरायचंय आणि समोरच्या कच्च्या रस्त्यानं किराणा दुकानापर्यंत जायचंय' असं म्हटलं की तोही विचार करायला लागतो.

पिशवीत काय घ्यायचं तेही सांगते. रोजची बसायची उशी, तीच. पाणी. कॅथेटर किंवा डायपर लागत असेल तर एक जास्तीचा संच. विजेची खुर्ची असेल तर चार्जर. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) आणि आधारची झेरॉक्स. टेप. फोन भरून चार्ज केलेला, कारण व्हिडिओ काढायचे आहेत. आणि आयोजकांना आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा. गाडी दारापर्यंत येते का, खुर्ची जाईल असं स्वच्छतागृह आहे का, आणि खुर्च्या-गाड्या नुसत्या ठेवल्यात की चालवून बघता येतील. स्वच्छतागृहाचं उत्तर 'हो हो, सगळी सोय आहे' असं आलं तर दाराची रुंदी विचारा. तेव्हा खरं कळतं.

बरोबर कोण

एक माणूस असा न्या जो रोज मदत करतो. घरातला सगळ्यात कमावता किंवा सगळ्यात बोलका नव्हे, तर रोज उचलणारा. आई असेल तर आई, वहिनी असेल तर वहिनी. खुर्ची घडी करून रिक्षात टाकायची आहे ती त्यांना, तेव्हा घडी घालून उचलून बघायलाही त्यांनाच सांगा. साधी लोखंडी खुर्ची सतरा-अठरा किलोंची असते. ॲल्युमिनियमची हलकी खुर्ची उचलल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो फरक दिसतो, तो पत्रकात छापलेला नसतो.

शक्य असेल तर ओळखीचा फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट बरोबर घ्या. जमलं नाही तर निदान त्यांच्याकडून लिहून आणा : पाठीचा आधार किती उंच हवा, मान आपली आपण सावरता येते का, कुठल्या हातात जोर आहे, कुठं कातडीला स्पर्श कळत नाही.

आता एक अगदी मनापासून सांगायचंय. स्टॉलवर गेल्यावर विक्रेता हमखास बरोबरच्या माणसाला विचारतो, 'यांचं वजन किती? यांना कुठली हवी?' आणि आपली माणसं, प्रेमापोटीच, उत्तर देतात. देऊ नका. 'त्यांनाच विचारा' एवढं म्हणा आणि एक पाऊल मागे सरका. ज्याला बोलता येत नाही त्याचाही होकार-नकार चेहऱ्यावर दिसतो, तो बघायला वेळ द्या. खुर्चीचा रंगसुद्धा बसणाऱ्यानंच निवडावा. लहान वाटणारी ही गोष्ट लहान नाही.

पोहोचल्यावर

सकाळी उघडताच जा. दुपारनंतर शाळांच्या सहली आणि पाहुण्यांची भाषणं सुरू झाली की चालवून बघायला जागा उरत नाही. पहिला तास कुठंच बसू नका, नुसतं फिरा आणि तीन-चार स्टॉल ठरवा. सगळंच बघायचं म्हटलं तर संध्याकाळी डोकं बधिर होतं आणि सगळ्या खुर्च्या सारख्या वाटतात.

ठरवलेल्या स्टॉलवर घाई न करता बसा. दोन मिनिटं टेकून उठलं तर कुठलीही खुर्ची छान वाटते. मी निदान वीस मिनिटं म्हणते, तेही आपली रोजची उशी घालून. उशीनं उंची बदलते, उंची बदलली की चाकापर्यंतचा हात बदलतो.

बसल्यावर काय बघायचं? कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट सरकेल इतकीच जागा हवी, मूठ जाईल इतकी नको. सीटची कड आणि गुडघ्यामागची लवण यांत दोन इंच मोकळे हवेत. कड लवणीत रुतली तर पायात मुंग्या येतात आणि माणूस नकळत पुढं घसरतो. पावलं फूटरेस्टवर पूर्ण टेकलेली आणि मांड्या सीटवर पसरून टेकलेल्या असाव्यात. गुडघे वर आले तर सगळं वजन बुडावर येतं आणि तिथंच जखम होते. हात सैल सोडले तर बोटांची टोकं मागच्या चाकाच्या मध्याजवळ आली पाहिजेत. स्वतः चाकं ढकलणाऱ्यासाठी ही खूण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. पाठ टेकवायचा भाग खांद्याच्या पात्याच्या खाली संपला तर हात मोकळे फिरतात. तोल राहत नसेल तर मात्र उंच पाठच हवी, तिथं हौस नको.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडे एक सवय आहे : 'वाढत्या अंगाचं घेऊ.' शाळेच्या गणवेशाला ते चालतं. खुर्चीला नाही. मोठ्या खुर्चीत बसून वाढणाऱ्या पोराचा कणा त्या रिकाम्या जागेकडे वाकू शकतो. सीटची रुंदी-खोली वाढवता येते अशा खुर्च्या मिळतात, त्या विचारा. किंमत जास्त असते. पण वाकलेल्या कण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा नक्कीच कमी.

अर्धांगवायू झालेल्या माणसासाठी वेगळं बघावं लागतं. एका हातानं आणि एका पायानं खुर्ची ओढायची असते, म्हणून सीट इतकी खाली हवी की चांगल्या बाजूची टाच जमिनीला पूर्ण टेकेल. आणि दोन्ही ब्रेक एकाच हाताला पोहोचले पाहिजेत. काही खुर्च्यांना ब्रेकचा दांडा लांब करून मिळतो.

आता खुर्ची हलवा. प्रदर्शनाच्या गालिच्यावर नको, बाहेर चला म्हणा. वाहनतळाचा डांबरी तुकडा, फरशीची फट, स्टॉलच्या वायरींवर टाकलेली पट्टी, एखादा उतार. पुढची चाकं लहान आणि टणक असतील तर ती फटीत अडकतात आणि माणूस पुढं फेकला जातो. शहाबादी फरशीच्या घरात लहान चाक छान वळतं, खेड्यातल्या मुरमाच्या रस्त्यावर मोठं चाक लागतं. मागच्या चाकांना हवेची ट्यूब असेल तर धक्के कमी बसतात पण पंक्चर होते. विक्रेत्याला विचारा, ही ट्यूब आमच्या गावातल्या सायकलच्या दुकानात मिळेल का? उत्तर 'कंपनीतून मागवावी लागेल' असं असेल तर त्याचा अर्थ पंधरा दिवस पलंगावर, हे ध्यानात ठेवा.

उतारावर ब्रेक लावून हात सोडा, बरोबरच्या माणसाला मागं उभं करून. खुर्ची सरकली तर ब्रेक नीट बसलेला नाही किंवा टायर गुळगुळीत आहे. चढ बघताना उताराचं गणित डोक्यात असू द्या. नियमाप्रमाणे रॅम्प एकास बारा असतो, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. प्रदर्शनातला रॅम्प बहुधा नियमाचा असतो. तुमच्या दारातला नसतो. तिथं सोपं वाटलं म्हणून घरी सोपं जाईल असं नाही.

शेवटी उतरून बघा. आर्मरेस्ट निघतो का, फूटरेस्ट बाजूला वळतो का, आणि शेजारच्या साध्या खुर्चीवर किंवा बाकावर सरकता येतं का. दिवसातून आठ-दहा वेळा हेच करायचं असतं.

काठ्या, कुबड्या, वॉकर

यांकडे लोक बघतही नाहीत आणि म्हणून चुकीची काठी वर्षानुवर्षं वापरतात. चप्पल घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. हे माझ्या बाबांना सत्तराव्या वर्षी कळलं. रबरी टोपी झिजली की बदलायची. काखेतली कुबडी काखेत दाबून धरायची नसते, वजन हातांवर हवं आणि काख व कुबडी यांत दोन-तीन बोटांची जागा.

विजेवर चालणाऱ्या खुर्च्या

इथं मोह फार होतो. जॉयस्टिक हातात आली की माणसाला पंख फुटल्यासारखं वाटतं आणि तो आनंद खरा आहे. आधी वेग सगळ्यात कमी ठेवायला सांगा. जॉयस्टिक सोडल्याबरोबर खुर्ची थांबते का, ते पहिल्यांदा बघा. मग खुर्ची हातानं ढकलण्यासाठी असलेला मोटरचा दांडा कुठं आहे ते विचारा. बॅटरी संपली तर तो सोडवून ढकलतात. पण तो सोडवला की बहुतेक खुर्च्यांचा ब्रेकही सुटतो, आणि उतारावर हे जिवावर बेतू शकतं. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक हवं.

एका चार्जवर किती किलोमीटर, या प्रश्नाला मिळणारं उत्तर सपाट रस्त्याचं आणि हलक्या माणसाचं असतं. त्यातून बरंच वजा करा. खुर्चीचं वजन विचारा. अनेक खुर्च्या चाळीस किलोंच्या पुढं असतात आणि आपल्या इमारतीला चार पायऱ्या असतील तर ती खुर्ची खालीच राहणार. विमानानं जाणार असाल तर बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे २४० वॅट-तास. काढता येणारी लिथियमची एक बॅटरी ३०० वॅट-तासांपर्यंत असेल तर विमानात सोबत नेता येते, पण विमान कंपनीला आधी कळवावं लागतं.

देशातल्या नव्या गोष्टी आवर्जून बघा. आयआयटी मद्रासमधल्या संशोधनातून २०१९ साली अराइज ही उभं राहता येणारी खुर्ची आली. तिथूनच नियोफ्लाय ही मापानुसार बनणारी खुर्ची आणि तिला पुढून जोडायचं नियोबोल्ट हे विजेचं चाक आलं. नियोबोल्ट जोडलं की खुर्चीची तीनचाकी गाडी होते आणि ती ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाते. २०२५ मध्ये वायडी वन ही नऊ किलोंची खुर्ची आली. माझ्या पहिल्या खुर्चीच्या निम्मी! अशी जोडणी बघताना एकच परीक्षा पुरते : कुणाच्याही मदतीशिवाय, बसल्या जागेवरून जोडता आणि सोडता येते का. विक्रेत्यानं जोडून दाखवली म्हणून खूश होऊ नका. स्वतः तीनदा करा.

गाड्या

आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतात त्या साइड व्हील लावलेल्या स्कूटर. लांबून सोप्या दिसतात, पण ज्यानं पूर्वी साधी दुचाकी चालवली आहे त्याला त्याच जास्त चकवतात. दुचाकी वळणावर आत झुकते, साइड व्हीलवाली झुकत नाही. वेगात वळवली तर अंग बाहेर फेकलं जातं आणि आतल्या बाजूचं चाक उचलतं. म्हणून चालवून बघताना सरळ रस्त्यापेक्षा वळणं जास्त घ्या, अगदी सावकाश. कडेला उतरता असलेल्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते का ते बघा. मागे घ्यायची सोय आहे का, हे विचाराच. ज्याला पाय जमिनीला लावून गाडी मागे ढकलता येत नाही, त्याला रिव्हर्स नसेल तर दर वेळी कुणालातरी हाक मारावी लागते. आणि कुबड्या किंवा घडीची खुर्ची ठेवायची जागा? ती नसेल तर गाडीवरून पोहोचाल पण उतरणार कसे?

मोटारीत हँड कंट्रोल लावलेले असतात, म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक पायाऐवजी हातानं. एका दांड्यानं ढकललं की ब्रेक आणि ओढलं किंवा पिळलं की वेग, अशा रचना जास्त दिसतात. ऑटोमॅटिक गाडीत हे सोपं पडतं. फक्त उजवा पाय दुबळा असेल तर डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवता येतो. बसून बघताना दांडा धरलेला असताना दुसऱ्या हातानं पूर्ण वळण घेता येतं का, इंडिकेटर आणि हॉर्न कुठल्या बोटानं दाबणार, आणि घरातला दुसरा माणूस नेहमीच्या पेडलवर तीच गाडी चालवू शकतो का, हे तपासा.

फिरून दाराबाहेर येणारी सीट आईवडिलांसाठी फार लोक विचारतात. बसवून फिरवा आणि डोकं चौकटीला लागतं का, गुडघे डॅशबोर्डला अडकतात का ते बघा. उंच माणसाला हमखास अडचण येते. लहान गाडीत ती जास्त.

खुर्चीसकट आत घेणाऱ्या व्हॅन असतील तर आत जाऊन बसा. डोक्यावर किती जागा उरते? पुढचा रस्ता दिसतो, की फक्त छत? खुर्ची जमिनीला चार पट्ट्यांनी बांधलेली हवी, आणि माणसाला वेगळा सीटबेल्ट हवा. ही दोन वेगळी कामं आहेत. खुर्चीच्या कमरपट्ट्याला सीटबेल्ट समजणाऱ्या गाडीत बसू नका, मग ती कितीही चकचकीत असो.

कागदांचंही तिथंच विचारून घ्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर 'इन्व्हॅलिड कॅरेज' हा जुना शब्द गेला आणि 'ॲडॅप्टेड व्हेइकल', म्हणजे गरजेनुसार बदललेलं वाहन, हा आला. गाडीत बदल केला की आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) त्याची नोंद व्हायला हवी आणि लायसन्सवरही ती श्रेणी यायला हवी. विमा कंपनीला कळवायला हवं, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो. २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' असा स्वतंत्र रकाना आहे, तो भरायला विसरू नका. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत, शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी खास तयार केलेल्या वाहनाला टोल माफ आहे, पण आरसीवर तशी नोंद असेल तरच त्याचा फास्टॅग मिळतो. 'आरटीओचं सगळं आम्ही बघू' असं कुणी म्हटलं तर काय काय बघणार, ते कागदावर घ्या.

पैसे आणि बोलणी

त्या दिवशी विकत घेऊ नका. 'प्रदर्शनाची सवलत आजपुरतीच' हे ऐकायला मिळेलच. नाव, मॉडेल, मापं आणि किंमत लिहिलेलं कोटेशन मागा आणि ते किती दिवस चालेल तेही लिहून घ्या. चांगला विक्रेता आठवडाभर थांबतो. त्याला विचारा : आमच्या जिल्ह्यात दुरुस्तीला कोण येतं? सांगाड्याची, मोटरची आणि बॅटरीची हमी वेगवेगळी किती? माप चुकलं तर बदलून मिळेल का? नवी बॅटरी आज घेतली तर कितीला? हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक पूर्वतयारी करून आलंय.

सरकारी मदतीचाही विचार करा. एडिप योजनेत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. तेच साधन लागोपाठ दर वर्षी मिळत नाही, म्हणून घाईनं नको ते घेऊन आपला हक्क संपवू नका. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारलं तर 'बघू' एवढंच उत्तर येतं. प्रदर्शनातून आणलेलं कोटेशन त्या अर्जाला जोडलं की अर्जाला वजन येतं, हा माझा अनुभव आहे.

घरी आल्यावर

त्याच रात्री झोपण्याआधी बूड, माकडहाड, टाचा आणि मांड्यांची मागची बाजू आरशात किंवा कुणाकडून तरी बघून घ्या. नव्या नव्या सीटवर दिवसभर बसून झालेलं असतं. ज्यांना कंबरेखाली स्पर्श कळत नाही त्यांना जखम दुखत नाही, ती फक्त दिसते. लाली अर्ध्या तासानं गेली नाही तर ज्या खुर्चीत बसून ती आली तिचं नाव वहीत लिहा आणि त्या जागेवर वजन देणं थांबवा. दिवसाही दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर उचलून किंवा एका बाजूला झुकून बूड मोकळं करायची सवय हवी. कुठलीही महागडी उशी हे काम तुमच्यासाठी करत नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघा. बसलेल्या माणसाचे खांदे सरळ आहेत का, मान पुढं आलीय का, हे व्हिडिओत जास्त कळतं. मग पसंत पडलेल्या खुर्चीची बाहेरची रुंदी वहीतल्या दारांशी ताडून बघा. शंका असेल तर पुठ्ठा कापून तेवढा आकार करा आणि तो घरभर फिरवा. बाथरूमच्या वळणावर पुठ्ठा अडला तर खुर्चीही अडणार.

ऑर्डर दिल्यावर खुर्ची घरी येईल तेव्हा जोडून देणाऱ्याला लगेच जाऊ देऊ नका. फूटरेस्टची उंची, ब्रेक, पाठीचा ताण, सगळं बसलेल्या माणसासमोर लावून घ्या. जमीन आणि फूटरेस्ट यांत दोन इंच तरी राहिले पाहिजेत, नाहीतर पहिल्याच उंबरठ्यावर ते आपटतं. आठवड्यानं सगळे नट पुन्हा आवळा. आणि जुनी खुर्ची महिनाभर तरी कुणाला देऊन टाकू नका. नवीत काही बदल करायचा निघाला तर ती दुरुस्तीला जाईल, तेवढे दिवस अंघोळीला आणि बाहेर जायला जुनीच कामी येते.